भोपळ्याला पहिला हात

वाकडीतिकडी चिरलेली भाजी मला बघवत नाही. कुणाच्या घरी जेवायला बसलो आणि ताटात दुधीची एक फोड सुपारीएवढी नि दुसरी लिंबाएवढी दिसली, की यजमानांच्या बोलण्यातलं माझं लक्ष उडालंच म्हणून समजा. लहान फोडीचा गाळ झालेला असतो, मोठी आत कच्ची राहिलेली असते, आणि मंडळी दोष देतात मिठाला. माझी बायको म्हणते, ही तुमची खोड आहे, चारचौघांत तोंड आवरत जा. खोड असेल. पण ह्या खोडीनं मला आयुष्यभर सुख दिलं आहे. ती लागली साताऱ्याच्या आमच्या आळीत, लढाईच्या दिवसांत.

आमच्या घरी तेव्हा आई आणि मी अशी दोनच माणसं. वडील वारलेले, मोठी बहीण सांगलीला दिलेली. वडिलांचा घड्याळं दुरुस्त करायचा धंदा माझ्याकडं आला होता. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मेज, मेजावर चिमटे आणि ब्रश, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेला मी. वयानं मी खरं तर फौजेत असायला हवा होतो. आळीतली पोरं एकामागून एक भरती झाली तेव्हा मीही गेलो होतो. पण मला लहानपणापासून दमा. छातीचं माप घेणाऱ्यानं श्वास आत घ्यायला सांगितला आणि माझ्या छातीतनं जी शिट्टी वाजली ती रांगेतल्या शेवटच्या गड्यापर्यंत ऐकू गेली. ‘ही पेटी घरीच वाजव जा,’ असं म्हणून त्यानं मला परत पाठवलं. आठवडाभर मी घराबाहेर तोंड काढलं नाही.

त्याच वर्षी आई न्हाणीत शेवाळावर पाय घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून ते बसवलं, पण बसलं ते वाकडंच. डाव्या हातानं ती भाजी ढवळायची, कशीबशी भाकरीसुद्धा थापायची. मात्र भाजी मुठीत धरून पात्यावर रेटायची म्हटली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा एक दिवस मी विळी ओढली आणि म्हटलं, सरक, मी चिरतो. बारीकसारीक चाकं चिमट्यानं उचलणारा मी, मला भेंडीच्या चकत्या काय जड!

पण विळीपुढं माझी सगळी ऐट उतरली. सुरीनं कापताना सुरी हलते आणि भाजी जागेवर असते. विळीचं उलटं असतं. पाटावर पाय घट्ट रोवायचा, पातं आपल्या जागी उभं राहतं, आणि भाजीनंच त्याच्याकडं जायचं असतं. किती जोरानं जायचं आणि कुठं थांबायचं हे हाताला कळेपर्यंत बोटं सांभाळावी लागतात. मी पहिले काही दिवस चिंध्या बांधलेल्या बोटांनीच घड्याळं उघडत होतो. आई परसातल्या पडवीत बाजेवर बसून माझ्या हाताकडं बघायची आणि तिच्या जिभेला मात्र काही दुखापत झालेली नव्हती.

‘आरं, मेथी चिरतूयस का कुणाची हजामत करतूयस?’

‘त्या बटाट्यानं तुजं काय वाकडं केलंय? हळू घे की.’

‘वांगं असं उघडं टाकू नगंस रं, काळं पडतंय. पाण्यात टाक. आधी पाणी घ्यावं, मग वांग्याला हात लावावा.’

पंधरवड्याभरात हात बसला, आणि मग मला त्याची गोडी लागली. सकाळी मंडईतनं पिशवी भरून आणायची, सगळी भाजी पडवीत चटईवर पसरायची, आणि आज कुणाचा नंबर ते ठरवायचं. भेंडी आधी फडक्यानं एकेक पुसून कोरडी करायची, मग देठ आणि शेंडा उडवून एकसारख्या चकत्या पाडायच्या. पडवळाच्या बांगड्या. दोडक्याच्या शिरा आधी काढून वेगळ्या ठेवायच्या, कारण त्यांची चटणी भाजीपेक्षा चवदार होते. गवारीला विळी लागतच नाही, ती हातानं मोडायची, आणि कोवळी आहे की जून ते मोडतानाच्या आवाजावरनं कळतं. कोथिंबीर सगळ्यांत शेवटी, कारण तिचा वास हाताला राहावा असं मला वाटे. कांद्याची तर गंमतच होती. दोन कांदे चिरले की माझे नाक-डोळे वाहायचे आणि छाती अशी मोकळी व्हायची की वैद्याच्या काढ्यानं कधी झाली नाही. मी दम्याचा जोर असला की आईला विचारायचो, आज पिठलं करतेस का, कांदा भरपूर घालू.

ह्यात एवढं सुख का वाटायचं ते मला तेव्हाही माहीत होतं. घड्याळ उघडलं की माझा जीव मुठीत असायचा. एक चाक इकडचं तिकडं झालं की मालक दारात उभा. भाजीचं तसं नाही. एखादी फोड चुकली तर टाक पातेल्यात, आमटीत सगळं खपतं. शिवाय घड्याळाचं काम कधी संपलं असं वाटत नाही. चाललं तरी उद्या बंद पडेल ही धास्ती असतेच. भाजी चिरायला घेतली की संपते, आणि संपली की डोळ्यांसमोर ढीग दिसतो. लाल माठाचा ढीग, शेजारी काकडीचा, त्याच्या शेजारी हिरव्या मिरच्या. मी तो क्षणभर नुसता बघत बसायचो. आई म्हणायची, ‘उचल आता, देवाला दाखवायचा न्हाई त्यो.’

आळीला विषय मिळाला हे सांगायला नकोच. आमच्या परसाची भिंत छातीएवढी, त्यामुळं येणारी-जाणारी प्रत्येक बाई आत डोकावायची. ‘फुडच्या जन्माची तयारी चाललीया व्हय?’ असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, ह्याला मुलगी बघायचं काम न्हाई, आता ह्यालाच कुणाच्या तरी घरी द्या. मला राग यायचा, कान तापायचे. आई मात्र बाजेवरूनच परतफेड करायची. ‘तुज्या नवऱ्याला साधा लसूण सोलता येतो का बघ आदी, मग माज्या पोराला हास.’

माझी भीड खरी चेपली ती सांगलीत. बहिणीचं बाळंतपण झालं तेव्हा मी आईला घेऊन महिनाभर तिथं राहिलो. बहिणीच्या सासरी हळदीचा व्यापार; अंगाला, कपड्यांना, अंथरुणाला, सगळ्याला हळदीचा वास. आणि मंडईत कृष्णाकाठची वांगी, काटेरी देठाची, तुकतुकीत, हातात घेतली की ठेववत नसत. शेजारचं घर जैन कुटुंबाचं होतं. घरातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत. गावाबाहेर त्यांची मोठी शेती होती, दारात बैलजोड्या होत्या, चार माणसं त्यांचा शब्द झेलायची. आणि हे अण्णा रोज दुपारी सोप्यावर सगळ्यांच्या देखत विळी घेऊन भाजी चिरायला बसत. सूर्य मावळायच्या आत त्यांच्याकडं जेवणं व्हायची, म्हणून भर उन्हातच चिरून घ्यायचं. वांगं उघडलं की ते उजेडात धरून निरखून बघायचे. कीड दिसली तर तिला पानावर घेऊन स्वतः उठायचे आणि परसात झाडाखाली सोडून यायचे.

‘अण्णा, तुमी सोडलं म्हणून किडीला कुठं कळतंय?’ मी एकदा विचारलं.

‘तिला न्हाई कळत,’ अण्णा म्हणाले. ‘मला कळतंय की.’

मग त्यांनी आतून दुसरी विळी मागवली आणि माझ्यापुढं सरकवली. ‘बसा पावणं. वांगी लय हायत.’ त्या महिन्यात मी सांगलीत रस्त्याला तोंड करून भाजी चिरली, आणि आकाश कोसळलं नाही. साताऱ्याला परतल्यावर कुणी भिंतीवरून डोकावलं की मी वर बघून म्हणायचो, ‘या, बसा. हातभार लावा.’

पुढं आळीत माझं काम वाढलं ते भोपळ्यामुळं. आमच्याकडं अख्ख्या तांबड्या भोपळ्यावर बाईनं पहिला घाव घालायचा नाही, अशी रीत. पहिला हात पुरुषाचा लागायचा. मग पुढं बायकांनी त्याचं काय हवं ते करावं. का, तर कोण म्हणे भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. कोण म्हणे तो देवीला बळी देतात ना, म्हणून. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणायची, ‘न्हाई घालायचा म्हंजे न्हाई घालायचा.’ एरवी ह्या रितीनं कुणाचं अडायचं नाही. पण आता आळीतले बापे फौजेत नाहीतर मुंबईला गिरणीत, शाळकरी पोरांना कोयता पेलायचा नाही, आणि जे दोन म्हातारे उरले होते त्यांचे हात कापायचे. राहिलो मी. ज्या बायका मला हसायच्या त्याच आता खिडकीपाशी येऊन म्हणायच्या, ‘आवं भावजी, जरा येता का? भोपळ्याला हात लावून जावा.’ मी भिंग काढून ठेवायचो आणि ऐटीत जायचो. पहिला घाव घालून नुसता परत येणं मात्र माझ्यानं होत नसे. बसल्या बसल्या फोडीही करून द्यायचो, कारण ती बाई त्या कशा करेल ह्याची मला खात्री नसायची.

एका घरचा भोपळा मात्र माझ्या हाताला आला नाही, आणि त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या परसाला लागून एक बिऱ्हाड होतं. दोघंच नवराबायको. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचो. दादाचं गाव वडूजच्या बाजूचं, पण तिथं आता त्याचं कुणी उरलं नव्हतं. साताऱ्यात तो टांगा हाकायचा. मोठा हसरा, बोलका माणूस. घोड्याशीसुद्धा दिवसभर बोलायचा. लढाई पेटल्यावर त्यानं टांगा-घोडा विकला आणि तो भरती झाला. त्याला ब्रह्मदेशाकडं पाठवलं एवढंच वहिनींना माहीत होतं. त्या एकट्याच राहायच्या, शिवणकाम करायच्या, आणि रात्री सोबतीला माझी आई त्यांच्याकडं निजायला जायची. दिवसा त्या भाजी घेऊन आमच्या पडवीत यायच्या. एका बाजूला त्यांची विळी, दुसऱ्या बाजूला माझी, मधे बाजेवर आई. घटकाभर असं बसायचं हा आमचा तिघांचा नेम झाला होता. आम्ही फार बोलायचो असं नाही. पण दादाची खुशाली येऊन बरेच दिवस झाले की वहिनींच्या फोडी जाड व्हायच्या, एकीला दुसरीचा मेळ नसायचा. मला ते दिसायचं आणि एरवी बोलल्याशिवाय न राहणारा मी गप्प बसायचो.

त्यांच्या रिकाम्या तबेल्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढला होता. दसऱ्याच्या सुमारास त्याच्यावर एकच भोपळा पिकला, पण असा की दोघांनी मिळून उतरवावा लागला. आळीतल्या बायका जमल्याच. घारगे करू, भरीत करू, वाटे घालू, अशी बोलणी सुरू झाली. मी कोयता आणायला वळलोसुद्धा.

‘नगा भावजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘ह्याला त्यांचाच हात लागंल. लढाई संपली म्हनत्यात न्हवं? येत्याल आता.’

लढाई संपली होती हे खरं. शाळेच्या पोरांना पेढे वाटून झाले होते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिनींनी गवताची चुंबळ केली, तिच्यावर भोपळा बसवला आणि माजघराच्या कोपऱ्यात ठेवला. दिवाळीला दादा येईल, आणि दिवाळीला भोपळा फुटेल, असं सगळे धरून चालले.

दिवाळी झाली. आळीतले लोक एकेक करून परतायला लागले. कुणाची बायको नवं लुगडं नेसून मिरवली, कुणाच्या दारात दिवसभर माणसांची रीघ. दादाचा पत्ता नव्हता. परत आलेल्या एकानं सांगितलं, तो दुसऱ्या पलटणीत गेला. दुसरा म्हणाला, त्या पलटणीतलं आमाला कायबी कळलं न्हाई. असं म्हणून त्यानं जे खाली बघितलं ते मला आवडलं नाही. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला. भोपळा कोपऱ्यात बसलेला.

चांगला भोपळा थंड कोरड्या जागी महिनोन् महिने राहतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण राहतो म्हणजे कायमचा राहत नाही. एक दिवस आईनं त्याच्यावर बोटं वाजवून बघितली.

‘पोरी, आतनं पोकळ वाजाया लागलाय,’ ती म्हणाली. ‘आन्न हाय ते. आन्न असं सडवू नये. ह्याला हात लावू दे, दुसरा कवाबी मिळंल.’

वहिनींनी हातातली सुई थांबवली. ‘आत्या, ह्यो चिरला म्हंजे मी त्यांची वाट बघायची सोडली, असं हुईल. माज्यानं न्हाई व्हायचं.’

माझी आई बोलायची थांबली हे आळीच्या इतिहासात क्वचित घडलं असेल. दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा तिनंच फडकं घेऊन भोपळा पुसला आणि चुंबळीवर थोडा फिरवून ठेवला, एका बाजूला दबू नये म्हणून.

मला मात्र त्या भोपळ्याची भीती वाटायला लागली. चांगली भाजी वाया जाते म्हणून सुरुवातीला मी चिडलो होतो, हे खरं. पुढं ती चीड राहिली नाही. तो कुजला तर वहिनींचं काय होईल, एवढंच माझ्या मनात यायचं. काही निमित्त काढून मी त्यांच्या घरी जायचो, पाणी मागायचो, आणि त्या आत गेल्या की पटकन खाली वाकून भोपळ्याच्या बुडाशी बोट दाबून बघायचो. ते घट्ट लागलं की मला इतकं हायसं वाटायचं, की पाणी न पिताच मी परत यायला निघायचो. वहिनी एकदा म्हणाल्या, ‘भावजी, तुमास्नी तहान लय लागती हल्ली.’ मी गोरामोरा झालो.

होळी होऊन गेली. ऊन तापलं होतं, किल्ल्याचा डोंगर करपून तांबूस दिसायला लागला होता. त्या दुपारी आम्ही पडवीत होतो. वहिनी घेवडा निवडून चिरत होत्या, माझ्यापुढं कच्च्या कैऱ्या होत्या, आई काहीतरी जुनं सांगत होती. ती बोलता बोलता थांबली म्हणून मी मान वर केली. परसाच्या दारात एक माणूस उभा होता. खांद्यावर पत्र्याची पेटी, गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली. तो दादा आहे हे मला ओळखायला वेळ लागला. वहिनींना लागला नाही. पण त्या एकदम उठल्या नाहीत. विळी उभी टाकून उठू नये, असं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. त्यांनी पातं आडवं केलं, विळी भिंतीकडं सरकवली, घेवड्याचं ताट बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, आणि मग त्या उठायला गेल्या. पण तिथंच पुन्हा बसल्या.

आईच रडत, ओरडत पुढं झाली. ‘थांब, थांब रं माज्या राजा, तसाच आत येऊ नगंस!’ तिनं वाकड्या हातानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मग त्याला आत घेतलं. दादा आजारी पडून कुठल्याशा इस्पितळात होता, एवढंच त्यानं सांगितलं. बाकी विचारलं की हसायचा. पण ते पूर्वीचं हसणं नव्हतं. घोड्याशी बोलणारा माणूस आता माणसांशीही मोजकंच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळा फुटणार हे कुणी कुणाला सांगितलं नाही, तरी अख्खी आळी आमच्या परसात हजर. मी माझी विळी धुऊन, पातं राखेनं घासून तयार ठेवली होती. वहिनींनी आणि मी भोपळा उचलून आणून पाटावर ठेवला, त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. त्यांनी त्या दिवशी केस नीट विंचरले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मला बघूनच भरून आलं. त्यांनी कोयता दादापुढं ठेवला.

‘घाला आता,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्यासाटनं ठेवलाय त्यो.’

दादानं कोयता उचलला. हातात धरून त्याच्या धारेकडं बघितलं. मग त्यानं कोयता हळूच खाली ठेवला.

‘न्हाई,’ तो म्हणाला.

मागून एका बाईनं हसून म्हटलं, ‘एवढी लढाई मारून आला, नि भोपळ्याला भ्याला व्हय?’ तिच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही.

दादानं वहिनींकडं बघितलं. तो जणू माफी मागत होता. ‘रागावू नगंस. लय झालं बघ. आता कशावरबी घाव घालायला माजा हात उचलत न्हाई. भोपळा का असंना.’

वहिनींच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. इतके महिने ज्या हातासाठी त्यांनी तो भोपळा पुसला, फिरवला, जपला, तो हात त्यांच्यासमोर नुसता मांडीवर पडला होता. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आईनं मला कोपरानं ढोसलं. ‘ऊठ रं. तू घाल. लवकर ऊठ.’

मी उठलो. आळीतल्या इतक्या भोपळ्यांना माझा हात लागला होता, पण ह्या एकाला लावायची मला लाज वाटत होती. मी कोयत्याकडं वाकलो तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘थांबा भावजी.’

आणि त्यांनी स्वतःच कोयता उचलला.

बायकांत कुजबुज झाली. ‘आगं, बाईनं...’ असं आईच्या तोंडून निघून गेलं, आणि पुढचं तिनं गिळलं. वहिनींनी पदर खोचला. पण कोयता उगारला की भोपळा पाटावर डुगडुगायचा, त्यांना नेम धरता येईना. एकदा उगारून त्यांनी हात खाली घेतला. तेव्हा दादा बसल्या जागेवरून पुढं सरकला आणि त्यानं दोन्ही तळव्यांनी भोपळा दोन्ही बाजूंनी घट्ट धरला.

‘हात काढा,’ वहिनी म्हणाल्या. ‘लागंल.’

‘न्हाई लागत. मी धरतो. तू घाल.’

‘आवं, काढा म्हनते ना!’

‘धरायला माजी ना न्हाई,’ दादा म्हणाला. ‘तू घाल गं.’

त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी कोयता वर उचलला. मी डोळे मिटले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. घाव बसल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. कोयता बरोबर मधोमध रुतला होता, दादाचे हात जिथल्या तिथं होते. वहिनींनी कोयत्यावर सगळा भार टाकला, आणि भोपळा करकरत दोन फाका होऊन उघडला. आतला गर गर्द केशरी होता. एवढासासुद्धा डाग नाही.

वहिनींनी कोयता टाकला आणि तोंडावर पदर धरून त्या मोठ्यानं रडल्या. दादा आल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. आईही रडत होती, मघाशी हसलेली ती बाईही. रडत नव्हता तो फक्त दादा. तो दोन हातांत दोन फाका धरून बसला होता आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

‘ह्ये आता ठिवू कुठं?’ त्यानं मला विचारलं.

‘द्या इकडं,’ मी म्हटलं, आणि विळी पुढं ओढली.